शिकारी पक्षी, लांब पल्ल्याची लेन्स आणि मधले अंतर

पावसाळा सरला, दादर (रब्बी ज्वारी) आणि हरभऱ्याची पेरणी आटोपली, की खान्देशच्या शिवारात शिकारी पक्ष्यांची वर्दळ वाढते आणि त्याच सुमारास या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. या वेळी आलेल्या पत्रांतील सात प्रश्न येथे घेतले आहेत. त्यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देता आली, तर काहींना सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटले.

माझ्याकडे क्रॉप (म्हणजे लहान आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा आणि १५०-६०० मिमीची लेन्स आहे. आमच्या शेताच्या कडेला विजेच्या तारेवर कापशी घार रोज बसते. परंतु ६०० मिमीवरही ती फ्रेममध्ये लहानच दिसते आणि जवळ जाऊ लागलो की उडून जाते. याहून मोठी लेन्स घ्यावी काय?
— एक शेतकरी वाचक, चोपडा

मोठी लेन्स घेण्याआधी थोडा हिशेब करून पाहावा, अशी माझी आपल्याला विनंती आहे. सेन्सरवर पडणारी प्रतिमा किती मोठी असेल, हे लेन्सच्या फोकल लेंग्थला पक्ष्याच्या लांबीने गुणून आलेल्या संख्येला अंतराने भागले की कळते. कापशी घार चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ३३ सेंटिमीटर भरते. ती ६० मीटरवर असेल, तर ६०० मिमीच्या लेन्सने तिची प्रतिमा सुमारे ३.३ मिलिमीटरची पडते, आणि आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर उंचीला जेमतेम १६ मिलिमीटर असल्यामुळे ती फ्रेमचा पाचवा भाग व्यापते. त्याच जागेवरून ८०० मिमीची महागडी लेन्स लावली, तरी प्रतिमा ४.४ मिलिमीटरपर्यंतच पोहोचते. हेच अंतर ६० वरून ३० मीटरवर आणता आले, तर आपल्या हातात असलेल्या लेन्सनेच प्रतिमा ६.६ मिलिमीटरची होते आणि घार फ्रेमचा दोन पंचमांश भाग भरून टाकते. शिवाय मधली हवा निम्मी होते, धूळ निम्मी होते आणि पिसांचा बारीक पोत दिसू लागतो, जो दुरून घेतलेल्या चित्रात कितीही कापछाट केली तरी मिळत नाही.

म्हणून आपला खरा प्रश्न अंतर कमी करण्याचा आहे, आणि ते कमी करण्याचा निर्णय पक्ष्याच्या हाती असतो, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. आपण चालत गेलो की पक्षी मागे सरतो. आपण थांबलो, बसलो आणि त्या जागेचा भाग झालो, की पक्षी स्वतःहून जवळ येतो. आपण शेतकरी आहात, त्यामुळे या बाबतीत आपली बाजू आमच्यासारख्यांपेक्षा बळकट आहे. कापशी घार आपल्याला, आपल्या बैलगाडीला, ट्रॅक्टरला आणि सालदाराला रोज पाहते. या सगळ्यांकडून तिला कधी धोका झालेला नाही. कॅमेरा डोळ्याला लावून, नजर तिच्यावर रोखून, सरळ रेषेत येणारा माणूस मात्र तिला नवा असतो, आणि तिच्या लेखी तशा चालीने शिकारीच येतो.

तेव्हा असे करावे. आठ-दहा दिवस कॅमेरा न घेता, ती कोणत्या खांबावर किती वाजता येते, कोणत्या खांबावरून शिकारीला उतरते आणि भक्ष्य घेऊन कोठे बसते, एवढेच पाहावे. कापशी घारीच्या बैठका ठरलेल्या असतात. आपल्या हरभऱ्यात किंवा कपाशीत किडीच्या बंदोबस्तासाठी पक्षीथांबे लावलेले असतील, तर त्यांपैकी कोणते ती वापरते हेही पाहावे. खान्देशात अनेक शेतकऱ्यांनी लावलेले हे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे बांबू कोतवालासाठी म्हणून लावले जातात, पण सकाळच्या वेळी त्यांवर घारही येऊन बसते. बैठक पक्की कळली, की तिच्यापासून ३०-३५ मीटरवर, पूर्वेकडच्या बांधावर, उजाडण्यापूर्वी जाऊन बसावे. मातकट रंगाचे कापड चार काठ्यांवर बांधून केलेले लपण पुरेसे होते. ते दोन-तीन दिवस आधी रिकामेच उभे करून ठेवले, तर पक्षी त्याला सरावतो. सूर्य पाठीशी आणि वाराही पाठीशी, अशी जागा मिळाली तर उत्तमच, कारण पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उडतो, उतरतो आणि हवेत एका जागी थरथरत थांबतो, तेव्हा त्याचे तोंड आपल्याकडे असते.

लपण करणे शक्य नसेल, तर शेतरस्त्यावर उभी केलेली मोटारगाडी हे सर्वांत सोपे लपण आहे. इंजिन बंद करावे, कारण त्याची थरथर लेन्सपर्यंत पोहोचते. खिडकीच्या काचेवर बीनबॅग टाकावी. माझी बीनबॅग म्हणजे जाड मांजरपाटाची पिशवी असून तिच्यात दोन किलो दादर भरलेली आहे. जड लेन्स तिच्यात रुतून बसते आणि हलत नाही. धान्याला किडे लागू नयेत म्हणून दर हंगामाला ते बदलावे.

लपणात बसल्यावर डोळा पक्ष्याच्या अंगावर ठेवावा. स्वस्थ बसलेली कापशी घार पिसे सैल सोडते, एक पाय पोटात ओढून घेते, चोचीने पंख विंचरते आणि मधूनमधून शेपटी हळूच वरखाली करते. तिला आपला संशय आला, की प्रथम पिसे अंगाशी आवळली जातात आणि पक्षी एकदम सडपातळ दिसू लागतो. मग मान उंच होते आणि ते लाल डोळे आपल्यावर खिळतात. याच क्षणी आपण थांबलो, नजर खाली घातली, तर बहुधा मिनिटभरात पिसे पुन्हा सैल होतात. त्यापुढची खूण म्हणजे ती शिटते आणि अंग पुढे झुकवते. ती उडणार, हे त्यावरून नक्की समजावे. ही शेवटची खूण आपल्यामुळे उमटली असेल, तर आपण अंतर ओलांडले आहे, आणि दुसऱ्या दिवशी दहा पावले मागे बसावे. ती स्वतःहून उडत असेल, तेव्हा मात्र ही खूण छायाचित्रकाराला फार उपयोगी पडते: शटरवरचे बोट तयार ठेवायला दोन-तीन सेकंद मिळतात.

कॅमेऱ्याच्या मांडणीविषयी थोडेच सांगतो. बसलेल्या पक्ष्यासाठी सेकंदाचा १/१००० भाग आणि उडत्यासाठी १/२५०० किंवा त्याहून कमी वेळ ठेवावा, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ६.३ किंवा एफ ८, आणि त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा लागला तरी कचरू नये. थोडा दाणेदार पण रेखीव फोटो पुढे सुधारता येतो, हललेला फोटो सुधारता येत नाही. कापशी घारीचे पोट पांढरे असते, त्यामुळे गर्द पिकाच्या पार्श्वभूमीवर कॅमेरा फसतो आणि पांढऱ्या पिसांचा तपशील जळून जातो. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉपने कमी करावे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करणे). नेहमीची काळी घार आकाशात असेल तेव्हा याच्या उलट, एक ते दीड स्टॉपने वाढवावे. आणि जवळीक साधली, की फोकसची चूक झाकली जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. ६०० मिमीवर, एफ ६.३ ला, १० मीटरवरच्या पक्ष्याचा जेमतेम ६-७ सेंटिमीटरचा पट्टा रेखीव येतो. डोळ्यावर फोकस नसेल, तर बाकी सारे असून नसल्यासारखे होते.

आपल्या पत्रात आपण नांगरटीचा उल्लेख केला नाही, पण मी तो करतो. ट्रॅक्टर शेतात फिरू लागला, की उघड्या पडणाऱ्या किड्यांसाठी आणि उंदरांसाठी घारी आणि बगळे मागोमाग उतरतात. त्या वेळी बांधावरच्या बाभळीखाली बसून राहिलेल्या माणसाकडे त्यांचे लक्षही नसते. मला आजवर मिळालेले घारीचे सर्वांत जवळचे छायाचित्र, ज्यात तिच्या नखीत अडकलेली मातीची ढेप स्पष्ट दिसते, ते अशाच एका सकाळी मिळाले. मी तासभर जागचा हललो नव्हतो आणि ती माझ्यापासून बारा मीटरवर उतरली. ट्रॅक्टरवरचा गडी मात्र प्रत्येक फेरीला हाक मारून विचारत होता, "भाऊ, काय देखी राह्यनात?"

टेलिकन्व्हर्टर घ्यावा का?
— एक वाचक, पाचोरा

टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवून फोकल लेंग्थ वाढवणारे भिंग. आपली लेन्स एफ ४ किंवा त्याहून मोठ्या ॲपर्चरची असेल, तर १.४ पटीचा घ्यावा. त्याने एक स्टॉप प्रकाश जातो, २ पटीच्याने दोन स्टॉप जातात. एफ ६.३ च्या झूम लेन्सवर १.४ पटीचा लावला, की ती जवळजवळ एफ ९ ची होते, पहाटेच्या उजेडात फोकस चाचपडू लागतो आणि रेखीवपणाही घटतो. अशा लेन्सवर तो न लावता चित्र नंतर कापून घेतलेले अधिक चांगले दिसते, असा माझा अनुभव आहे.

मार्चपासून माझे सगळे फोटो धूसर येतात. लेन्स दुरुस्तीसाठी पाठवली, ती निर्दोष असल्याचे सांगून परत आली. कॅमेरा बदलून पाहिला, तरी तेच. चूक कोठे होत असावी?
— एक वाचक, भुसावळ

चूक आपली नाही, लेन्सचीही नाही. ती भुसावळच्या उन्हाची आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या आपल्या भागात जमिनीलगतची हवा असमान तापते, तिच्या थरांची घनता वेगवेगळी होते आणि त्यांतून येणारा प्रकाश क्षणोक्षणी वेगळा वाकतो. डांबरी रस्त्यावर पाणी साचल्याचा भास होतो, तोही तापलेल्या हवेने प्रकाश वाकवल्यामुळेच. लांब पल्ल्याची लेन्स पक्ष्याला मोठे करते, तसेच ही हवेची थरथरही मोठी करते. महागात महाग लेन्सही यावर उपाय करू शकत नाही आणि शटर स्पीड वाढवूनही विशेष फरक पडत नाही.

खात्री करून घ्यायची असेल, तर दुपारी ५० मीटरवरच्या मैलाच्या दगडाचे, लेन्स बीनबॅगवर ठेवून, लागोपाठ दहा फोटो घ्यावेत. प्रत्येक फोटोत अक्षरांची कड वेगवेगळ्या ठिकाणी वाकलेली दिसली, तर दोष हवेचा आहे. दहाही फोटो एकसारखे धूसर असतील, तरच फोकसकडे वळावे.

उपाय तीन आहेत आणि ते तिन्ही साधे आहेत. उन्हाळ्यात साडेआठच्या पुढे आणि थंडीत साडेदहाच्या पुढे जमिनीलगतचे लांबचे फोटो घेण्याचा आग्रह सोडावा. काळ्या, नांगरलेल्या जमिनीवरून आडवी नजर टाकण्याऐवजी ओलिताच्या केळीच्या बागेवरून किंवा पाण्यावरून पाहावे. हतनूरच्या जलाशयावर, चांगदेवजवळ तापी आणि पूर्णा जेथे मिळतात त्या भागात, सकाळी दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून खालून घिरट्या घालतो तेव्हा हवा बरीच स्थिर असते. तिसरे असे, की दुपारी फोटो घ्यायचाच असेल, तर डोक्यावर उंच घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याचा घ्यावा, कारण वर रोखलेली नजर तापलेल्या थरातून लवकर बाहेर पडते. मोटारीतून फोटो घेत असाल, तर आधी सर्व काचा उघडून आतली हवा निवू द्यावी आणि तापलेल्या बॉनेटवरून कधीही नेम धरू नये.

आमच्या अंगणातल्या निंबावर शिक्र्याच्या जोडीने घरटे केले आहे. मादी बहुधा अंडी उबवीत असावी. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून घरटे अर्धवट दिसते, गच्चीवरून नीट दिसेल, पण मध्ये एक फांदी येते. ती छाटून गच्चीवरून फोटो घेतले तर चालेल का?
— एक वाचिका, पारोळा

ताई, फांदी छाटू नये आणि गच्चीवरही जाऊ नये, ही हात जोडून विनंती. त्या जोडीने आपले अंगण निवडले, ते आपल्या घराची रहदारी पाहून निवडले आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत कोणीतरी उभे असते, हे मादीने जमेस धरलेले आहे. गच्चीवर, घरट्याच्या उंचीवर, माणूस उभा राहणे हे तिने धरलेले नाही. शिवाय ती फांदी आपल्याला अडचण वाटते, पण घरट्यावर दुपारची सावली तीच धरते.

आपल्याला हे सांगण्याचा अधिकार मला एका चुकीने मिळाला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात, ओळखीच्या एका मळ्यात, आंब्यावर शिक्र्याचे घरटे सापडले. जमिनीवरून फक्त मादीची पट्टेदार शेपटी दिसत होती, म्हणून मी विहिरीच्या कठड्यावर चढलो. मादी उडाली आणि शेजारच्या बाभळीवर बसून ओरडू लागली. ती परत येताना टिपावी, या हेतूने मी कठड्यावरच थांबलो. वीस मिनिटे झाली असतील. ती तीनदा झाडापर्यंत आली आणि तीनदा मला पाहून वळली. चौथ्यांदा तिच्याआधी डोमकावळा आला. घरट्यात उतरून वर आला, तेव्हा त्याच्या चोचीत फिकट निळसर रंगाचे अंडे होते. कॅमेरा माझ्या हातातच होता. मी फोटो घेतला नाही. दोन दिवसांनी गेलो, तर घरटे रिकामे होते आणि जोडी दिसत नव्हती. डोमकावळ्याला वाट मी करून दिली, यात मला आजही शंका नाही.

कावळा आला नसता, तरी उन्हाने तेच केले असते. शिक्रा मार्च ते जून या काळात वीण करतो, म्हणजे नेमका खान्देशचा उन्हाळा. त्या दिवसांत मादी घरट्यावर बसते ती केवळ ऊब देण्यासाठी बसत नाही. पंख किंचित पसरून ती सावली धरते. थोडा वेळ जरी घरटे उघडे पडले, तरी अंड्यातला जीव किंवा अंगावर पिसे नसलेले पिल्लू ते ऊन सोसू शकत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही हे लक्षात घ्यावे, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही समाविष्ट आहे. बंदूक चालवणारा आणि घरट्यावरून पक्षी उठवणारा, या दोघांना कायद्याने एकाच शब्दात बसवले आहे.

आपल्याला करता येण्याजोगे पुष्कळ आहे. खिडकीतून, रोजच्या वेळी, रोजच्यासारखे काम करता करता फोटो घ्यावेत. लेन्स गजांच्या आत ठेवावी, बाहेर काढू नये, आणि फ्लॅश वापरू नये. अंडी उबण्यास साधारण तीन आठवडे लागतात. त्या काळात नर घरट्यावर क्वचितच येतो. तो भक्ष्य घेऊन जवळच्या एखाद्या फांदीवर बसतो, हाक देतो आणि मादी तेथे जाऊन ते घेते. ही देवघेवीची फांदी कोणती, ते ओळखावे. ती आपल्या खिडकीच्या टप्प्यात असेल, तर सरडा किंवा चिमणी पायात धरून बसलेल्या लालबुंद डोळ्यांच्या नराचे जे छायाचित्र आपल्याला मिळेल, ते घरट्याच्या कोणत्याही छायाचित्राहून सरस असेल. फक्त हाकेवर विसंबून धावत खिडकीशी जाऊ नये, कारण कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो आणि मीही अनेकदा त्याला फसलो आहे. पिल्ले मोठी होऊन फांद्यांवर येऊन बसू लागली, की मग मनसोक्त फोटो घ्यावेत.

आमच्या गटातील काही जण पांढरे उंदीर सोडून गरुड आणि शिक्रे जवळ आणतात. फोटो अप्रतिम येतात. यात गैर काय आहे?
— एक वाचक, धुळे

मघाशी उल्लेख केलेल्या कायद्याच्या त्याच व्याख्येत वन्य प्राण्याला आमिष दाखवणेही येते, त्यामुळे हे बेकायदेशीर आहे, हे पहिले. दुसरे असे, की माणूस दिसला म्हणजे भक्ष्य मिळते, हे एकदा शिकलेला पक्षी ते विसरत नाही; मग तो रस्त्याच्या कडेला वाट पाहत बसतो, वाहनाखाली येतो, किंवा माणसांची भीड चेपल्यामुळे पकडला जातो. काही जण शेतात औषधाने मेलेले उंदीर ठेवतात, असेही आपण लिहिले आहे. ते तर सरळ विषप्रयोग करण्यासारखे आहे, कारण उंदराच्या पोटातले औषध खाणाऱ्याच्या पोटात जाते. अशा फोटोंना आमच्या मासिकात जागा मिळत नाही. आपल्या गटानेही त्यांचे कौतुक थांबवले, तर हा प्रकार बराच कमी होईल, असे मला मनापासून वाटते.

मी शिक्षक आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड आमच्याच तालुक्यात पुन्हा सापडले, असे विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो, पण स्वतः कधी पाहिलेला नाही. येत्या हिवाळ्यात तोरणमाळकडे जाऊन त्याचा जवळून फोटो घ्यावा, अशी इच्छा आहे. नेमकी जागा कळवाल का? त्याचा आवाज मोबाइलवर लावला तर तो येतो, असेही ऐकले आहे.
— एक वाचक, शहादा

गुरुजी, आपल्या पत्राने फार आनंद झाला, आणि त्यातील दोन्ही विनंत्या मला नाकाराव्या लागत आहेत, याचे वाईटही वाटते. नाकारण्याचे कारण त्या पक्ष्याच्या इतिहासातच आहे आणि तो इतिहास आपल्या विद्यार्थ्यांनाही सांगण्याजोगा आहे.

रानपिंगळ्याचा पहिला नमुना (जतन केलेला मृत पक्षी) १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी मिळवला आणि पुढच्याच वर्षी पक्षितज्ज्ञ ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १८८० च्या दशकात खान्देशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने शहादा आणि तळोदा या भागांतून काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणालाच विश्वासार्हपणे दिसला नाही. पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचा दावा केलेला एक नमुना संग्रहालयात होता. पण पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्याची तपासणी केली, तेव्हा तो डेव्हिडसन यांचाच जुना नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला असल्याचे उघड झाले. त्या खोट्या चिठ्ठीने शोध घेणाऱ्यांना भलत्याच ठिकाणी धाडले होते. ती बाजूला सारून, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणे धरून, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले, आणि ११३ वर्षांनंतर, भर सकाळी, एका निष्पर्ण झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला.

ठिकाणाची चिठ्ठी किती मोलाची असते, हे यावरून दिसते. तेव्हा खरे ठिकाण कळल्याने पक्षी सापडला. आज खरे ठिकाण चारचौघांत पसरले, की एका झाडाखाली वीस ट्रायपॉड उभे राहतात. या घुबडाचे वास्तव्य मोजक्याच जंगलांत आहे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे, आणि एका जोडीला त्रास झाला तर तिला जायला दुसरे जंगल जवळ असेलच असे नाही. म्हणून जागा मी छापत नाही. आपणही फोटो काढलात, तर तो कोठेही देण्यापूर्वी त्याच्या फाइलमधील जीपीएसची नोंद काढून टाकावी.

आवाजाविषयी. मोबाइलवर हाक ऐकून रानपिंगळा येतो, हे खरे आहे. तो येतो, कारण आपल्या हद्दीत परका नर शिरला असे त्याला वाटते. तो शिकार सोडून येतो, मादीला ढोलीत एकटी ठेवून येतो, आणि नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो. संशोधकांनी गणनेसाठी ही पद्धत ठराविक वेळी, परवानगीने वापरली आहे. पर्यटकाने रोज वापरावी अशी ती नाही.

आता, आपल्याला तो कसा पाहता येईल, ते सांगतो. इतर घुबडांपेक्षा हा दिवसा अधिक वावरतो आणि हीच छायाचित्रकारासाठी मोठी सोय आहे. थंडीच्या सकाळी, ऊन्हे पानगळ झालेल्या सागाच्या शेंड्यांवर आली, की तो उघड्या फांदीवर येऊन बसतो. वनविभागाच्या कार्यालयात आधी परवानगीची चौकशी करावी, स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि पायवाट सोडू नये. तो दिसला, तर जेथे आहात तेथेच बसावे. २५ मीटरपेक्षा जवळ जाण्याची इच्छा आवरावी. त्याची शेपटी डावी-उजवीकडे झटकली जाऊ लागली, की तो सावध झाला आहे असे समजून मागे सरावे.

गावातल्या साध्या पिंगळ्याशी गल्लत होऊ नये, म्हणून फोटो घेताना छाती आणि डोके दिसेल असा कोन साधावा. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात; रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते अगदी पुसट असतात. रानपिंगळ्याच्या छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, पोट पांढरे, कुशींवर रुंद पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले आणि चोच देहाच्या मानाने दणकट असते. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी दोन्हींची चित्रे शेजारी ठेवलीत, तर फरक त्यांच्या डोळ्यांत भरेल.

मी नववीत शिकतो. माझ्याकडे मोठा कॅमेरा नाही. वडिलांचा मोबाइल आणि आजोबांची जुनी दुर्बीण आहे. मला गरुडाचा फोटो काढता येईल का?
— एक विद्यार्थी वाचक, अमळनेर

येईल. दुर्बिणीच्या एका डोळ्याशी मोबाइलची लेन्स टेकवून फोटो घेता येतो. दोन्ही हलू नयेत म्हणून जाड पुठ्ठ्याची नळी करून ती रबराने घट्ट बसव आणि दुर्बीण भिंतीवर किंवा गोणीवर टेकव. दुर्बीण ८ किंवा १० पटीची असेल, तर खांबावर बसलेला पक्षी ओळखू येईल एवढा फोटो नक्की मिळतो. उडत्या पक्ष्याच्या मागे सध्या लागू नकोस. काळजी एकच घे: दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नकोस, डोळा कायमचा जाऊ शकतो.

फोटोइतकीच महत्त्वाची एक वही कर. बोरी नदीच्या काठाने शाळेत जाताना किंवा शेतात जाताना जो शिकारी पक्षी दिसेल, त्याची तारीख, वेळ, तो कशावर बसला होता, तू किती पावलांवर होतास आणि किती पावलांवर तो उडाला, एवढे लिही. नाव माहीत नसेल तर चित्र काढ. डोळ्यांचा रंग, पायांचा रंग आणि शेपटीवरचे पट्टे आठवणीने टिप. हिवाळाभर असे लिहिलेस, की कोणता पक्षी तुला किती जवळ येऊ देतो, हे तुझे तुलाच कळेल. गरुड, म्हणजे आपल्याकडचा सापमार गरुड, माळावर एका जागी हवेत थांबून खाली पाहताना तुला दिसू शकेल. कापशी घारही तशीच थांबते, पण ती त्याच्यापुढे अगदीच लहान असते. वहीची पहिली चार पाने भरली, की त्यांचा फोटो काढून मला पाठव. तुझ्या आजोबांनी त्या दुर्बिणीतून पूर्वी काय काय पाहिले, तेही त्यांना विचारून सोबत लिहून दे.